झाकणाच्या आतलं नाव

"हॅलो? …हो, बोल अंकुश. पोचला का? …तिसरा नंबर? बरं."

फोन खांद्यात दाबून दीप्ती हिंगण्याच्या त्यांच्या कूलर बनवायच्या शेडमध्ये टेबल आवरत होती. तिचा धाकटा भाऊ अंकुश सकाळीच नमुन्याचा सोलर कूलर टेम्पोत घालून सरकारी तपासणीला गेला होता. यादीत नाव लागलं की गिऱ्हाइकाला अनुदान मिळणार. नाही लागलं तर हा उन्हाळा हातचा गेलाच समजा, कारण दारात येणारा प्रत्येक जण एकच पालुपद लावायचा, सबसिडी येऊ द्या, मग नेतो.

"हो, हो… अगा ऐक ना. एक नवी मोटर इथं पडून आहे. कंपनीची… मी काहून मजाक करू? हातात आहे माझ्या."

अंकुशनं घाईघाईत कबुली दिली.

"अंकुश? …तू बाबांची काढून ही बसवली होती? कधी? …परवा. अन् आम्हाले सांगतलं नाही."

झालं होतं ते असं. यादीत यायचं तर मोटर मंजूर कंपनीचीच हवी, आणि तीन वर्षं तिचा एक स्क्रूही बदलायचा नाही. त्यांचे बाबा, भैय्याजी, खापरखेड्याच्या वीजकेंद्रातले रिटायर फिटर. ऊन उतरलं तरी न थांबणारी मोटर त्यांनी स्वतः बनवली होती आणि दर उन्हाळ्यात तिच्यात काहीबाही सुधारत असायचे. अंकुशनं गुपचूप ती काढून कंपनीची बसवली. पण झाकण उघडून स्वतः पाहिल्याशिवाय शेडबाहेर काही जाऊ द्यायचं नाही, हा भैय्याजींचा जुना खाक्या. काल संध्याकाळी परकी मोटर दिसली, तेव्हा कामावरच्या पोरींचा घोळ समजून त्यांनी आपली परत बसवली आणि निवांत घरी जेवायला गेले. आता फॉर्मवर एक मोटर आणि कूलरमध्ये दुसरी.

"फॉर्म मागं घे… काहून नाही? …हळू बोल ना गा."

अंकुश भडकलाच होता. चांगली वस्तू बाजारात आपोआप खपते म्हणणाऱ्यांनी एकदा एप्रिलात आपल्या शेडमध्ये येऊन बसावं, म्हणाला. त्याचंही चुकत नव्हतं, तीच तर पंचाईत.

"मी कुठं म्हणून राहिली, अनुदान वाईट आहे? लोकांच्या छतावर पॅनल त्याच्यानंच लागले… पण तीन वर्षं बाबांनी काय करायचं? हात बांधून बसायचं? …दुसरा झाला? म्हणजे आता आपलाच?"

मागे चपला वाजल्या. भैय्याजी दारात उभे होते. कधीचे, कोण जाणे. तिचं बोलणं ऐकून आणि तिच्या हातात कालचीच मोटर पाहून त्यांचा चेहरा एकदम उतरला, आणि दीप्तीला रडूच आलं. त्यांनी फोनसाठी हात पुढे केला.

"थांब… बाबा बोलून राहिले."

"हॅलो. अंकुश… मले सांगाचं होतं गा. मी नाहीच म्हटलं असतं, असं नाही."

तिकडून अंकुश बराच वेळ बोलला.

"रडू नको… तपासणीच्या साहेबानं झाकण खोलाले पेचकस घेतला? मग तू पुढं हो. झाकण तूच उघड. आतून पेंटानं माझं नाव आहे, तारीख आहे. प्लांटात बी आम्ही असंच लिहाचो, बिघडली तं कोणाले बोलवाचं ते कळाले पाहिजे… साहेबाले सांग, फॉर्मवरचं खोटं, आतलं खरं."

त्यांनी फोन परत दिला, कंपनीची मोटर टेबलावर घेतली आणि चष्मा चढवून खोलायला बसले.

"हॅलो? उघडलं? …काय म्हटलं साहेबानं? …अन् यादी? …गेली हातची. बरं."

भैय्याजींनी मान वर केली नाही. बेअरिंग चांगली टाकली आहे यांनी, एवढंच पुटपुटले.

"अजून काय विचारलं? …हे नाव कोणाचं म्हणून? …मग तू काय सांगतलं? …हॅलो? अंकुश, आवाज तुटून राहिला… हो, आता आला. काय? …असं म्हटलं तू साहेबाले, बाबाबद्दल?"

दीप्तीनं फोन स्पीकरवर टाकला आणि बाबांच्या कानापाशी धरला.

"पुन्हा सांग ना गा. मले नाही, बाबाले सांग."