जुन्या बॅकअपमधलं स्थळ

हसणार नसाल तर सांगतो. मागच्या महिन्यात माझ्याकडच्या सगळ्या वेबसाइट्स मी नव्या सर्व्हरवर हलवल्या. त्यात शिंदेकाकूंच्या वधू-वर सूचक मंडळाचीही होती. मग ऐटीत सगळ्यांना मेसेज टाकला, "काम फत्ते, कुणाला कळलंसुद्धा नाही!"

दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन. "अरे, लग्न झालेल्या मुली साइटवर परत कशा आल्या? एकीच्या वडिलांना स्थळासाठी फोन येतायत, आणि समोर जावई जेवायला बसलेत!"

फोन कानाला लावूनच साइट उघडून पाहिली. घाईत मी जुनापुराणा बॅकअप चढवला होता, पार माझ्या लग्नाच्याही आधीचा. पण तोंडातून निघालं काय, तर "काकू, त्या सर्व्हरवाल्यांचा घोळ आहे."

"तरीच! तू असं करणार नाहीस," काकू म्हणाल्या.

संध्याकाळी घरी आलो तर बायको बाबांचा मोबाइल घेऊन दारातच उभी. "एकलहऱ्याहून फोन होता. तुझ्यासाठी स्थळ आलंय."

माझं लग्नही त्याच मंडळातून जमलेलं, आणि तिथे नंबर बाबांचा दिलेला.

"तू काय म्हणालीस?"

"ते म्हणाले, मुलगा कामात चोख आहे असं साइटवर लिहिलंय. मी म्हटलं, चोख असता तर तुमचा फोन आला असता का?"

लाज वाटून तिथूनच काकूंना फोन लावला आणि खरं काय ते सांगून टाकलं.

"सकाळीच कळलं होतं रे मला," काकू म्हणाल्या. "पण तुझ्या बायकोला तुझं स्थळ मीच सुचवलं ना. आता कोणत्या तोंडाने तुला नावं ठेवू?"