झाकण आपटायची चाचणी

दादा: हात लावू नकोस त्याला. मोजणी चालू आहे.

धाकटी: लावत नाहीये, नुसती बघतेय. किती झाले?

दादा: एकसष्ट हजार दोनशे. मशीन झाकण उघडतंय, मिटतंय, उघडतंय, मिटतंय. चार दिवस झाले, हा हिरवा दिवा विझलेला नाही. म्हणजे केबलमधल्या चोवीसच्या चोवीस तारा धडधाकट. आता बोल.

धाकटी: काय बोलू? आईच्या लिहायच्या यंत्रातली केबल पुन्हा तुटली, हेच सांगायला आले होते. अडीच महिन्यांत गेली. आता आई दिवसातून शंभरदा झाकण उघडते धरलं तरी साडेसात हजारच होतात.

दादा: तिसरी ना ही?

धाकटी: तिसरी. घे, काढून आणलीय.

दादा: आणि आई कुठे आहे?

धाकटी: बाहेरच्या खोलीत बसलीय. तू मागच्या वेळी जास्तीची दिलेली चौथी केबल मी तिच्या यंत्रात बसवली, तर आता ती तुझ्या शेजारच्या शिंप्याला शिलाई कशी घालायची ते लिहून शिकवतेय.

दादा: भिंग दे ते. दिवा जरा इकडे कर... हं. ही बघ. तिथेच मोडलीय.

धाकटी: तिथेच म्हणजे?

दादा: टेकूच्या कडेला. केबलच्या टोकाला आपण ही जाड पट्टी चिकटवतो ना, खाचेत बसवताना वाकू नये म्हणून? ती पट्टी जिथे संपते, नेमकी तिथे तांब्याला चीर गेलीय. आधीच्या दोन्ही केबल तिथेच गेल्या होत्या. आणि मशीनवरच्या हिला एकसष्ट हजारांत तिथे ओरखडासुद्धा नाही. मला कळतच नाहीये. उद्या दहाला दवाखान्यातल्या नर्सबाई बत्तीस केबल न्यायला येणार आहेत.

धाकटी: मग नको देऊस.

दादा: नको देऊस काय? बत्तीस माणसं आहेत ती. सगळ्यांचे घसे आईसारखेच ऑपरेशनात कापलेले. दवाखान्याला ही जुनी यंत्रं मिळाली तेव्हा फुकट मिळाली म्हणून सगळे खूश होते. बनवणारी कंपनी केव्हाच बंद झालीय हे कोणाच्या डोक्यात आलं नाही. केबल गेली की पडदा काळा, आणि पडदा काळा झाला की माणूस मुका. आज निम्म्यांचे पडदे काळे आहेत.

धाकटी: आणि तुझी केबल लावली की अडीच महिन्यांनी पुन्हा काळे होणार.

दादा: आईचंच होतंय. ती नीट वापरत नाही.

धाकटी: ती वापरत नाही दादा, ती बोलते त्याच्यावर. तुझं मशीन झाकण कसं मिटतं ते बघ जरा. पाळण्यात पोर झोपलंय आणि दार लावायचंय, असं. आई कशी मिटते माहीत आहे ना?

दादा: मिटते तशी.

धाकटी: आपटते.

दादा: कधीतरी.

धाकटी: माझ्यासमोर कधीतरी. तुझ्यासमोर दर रविवारी, दहा-दहा वेळा. तू येतोस, गोळ्या घेतल्या का विचारतोस. ती लिहायला लागते. तिची बोटं औषधांनी बधिर झालीत, मोबाइलच्या काचेवर दाबलेलं तिला कळतही नाही, म्हणून तर हे बटणांचं यंत्र. एकेक अक्षर शोधून दाबते बिचारी. आणि तू वाकून अर्धं वाचतोस आणि उरलेलं तूच बोलून टाकतोस. हो हो, कळलं कळलं. की ठाप्.

दादा: तिचा वेळ वाचावा म्हणून करतो मी.

धाकटी: तिला कुठे गाडी पकडायचीय?

दादा: बरं, आपटते. मग प्रश्न सोपा झाला. प्रत्येक केबलबरोबर एक चिठ्ठी द्यायची. झाकण हळू मिटावे, जोर देऊ नये.

धाकटी: छान. बत्तीस जणांना लेखी कळवायचं, चिडू नका म्हणून.

दादा: चिडण्याचा काय संबंध? झाकणाबद्दल बोलतोय मी.

धाकटी: मीही झाकणाबद्दलच बोलतेय. ज्या बाईने तीस वर्षं बसस्टँडवर गाड्या पुकारल्या, भोंगा बिघडला तरी शेवटच्या फलाटापर्यंत जिचा आवाज जायचा, तिच्याकडे आवाज म्हणून तेवढी एक ठाप् उरलीय. ती तू चिठ्ठी लिहून काढून घेणार? मला तर ऐकूनच वाईट वाटतं.

दादा: मग काय करू? सांग.

धाकटी: मशीनला आपटायला शिकव. तिच्याइतकंच. त्याच्यावर जी केबल टिकेल ती द्यायची.

दादा: तिच्याइतकंच म्हणजे किती? त्याचं माप लागेल मला.

धाकटी: माप बाहेर बसलंय. आई, आत ये गं जरा.

(आई बोलू शकत नाही. हातातल्या यंत्रावर लिहिते आणि पडदा समोरच्याकडे वळवते.)

आई: माझं नाव दोनदा ऐकू आलं

धाकटी: नाव नाही, तुझं कौतुक चाललं होतं. इथे बस. मी फोन तुझ्या खांद्यामागून धरते, हळू करून बघता येईल असं चित्रण घेते. तू फक्त झाकण आपट. रविवारी आपटतेस तसं.

आई: कशाला

दादा: मशीनला दाखवायचंय. किती वेगात मिटतेस ते. हं, आपट.

धाकटी: हे काय, आई? टिचकी मारलीस.

आई: राग नाही आला

दादा: खोटा आण.

आई: तीस वर्षात उशिराची गाडी वेळेवर आहे असं एकदाही पुकारलं नाही आता खोटं करू

धाकटी: दादा, तूच आण तिला राग. तुझ्या हाताला चांगलं यश आहे.

दादा: आई, तुझ्या हातचं कायम खारट व्हायचं.

आई: खरंय

दादा: तू मला नववीत सगळ्या स्टँडसमोर भोंग्यावरून घरी बोलावलं होतंस. नाव घेऊन. माझे मित्र वर्षभर पुकारायचे मला तसं.

आई: आला होतास ना पाच मिनिटांत

धाकटी: हिला आज रागच येत नाहीये. शिंप्यामुळे खुशीत आहे.

दादा: जाऊ दे. अंदाजानेच लावतो काहीतरी. आई, तू दुपारच्या गोळ्या घेतल्यास का? की त्याही राहिल्या बोलण्याच्या नादात? हां, घेतल्या. बरं, आणि संध्याकाळच्या जेवल्यावर घेशील, माहीत आहे मला... केव्हाची लिहितेयस, लिहू नकोस एवढं... अगं! आता का आपटलंस?

धाकटी: मिळालं. अगदी झकास मिळालं. फोन धर, मोज.

दादा: थांब. एकेक चित्र पुढे सरकवतो. इथे झाकण पूर्ण उघडं. एक, दोन, तीन... अकरा, बारा. बाराव्या चित्राला बंद. सेकंदाला दोनशे चाळीस चित्रं, म्हणजे सेकंदाचा विसावा भाग. माझ्या मशीनला दोन सेकंद लागतात. बाप रे. एवढ्यात झाकण मिटलं तर केबलला वळायला वेळच मिळत नाही, ती सरळ टेकूच्या कडेवर मोडते. इतकं साधं होतं. मशीनच्या हाताला जाड रबर ओढून लावला की तेही असंच आपटेल.

धाकटी: दादा, परत मागे घे.

दादा: कशाला? मोजून झालं.

धाकटी: पहिल्या चित्रावर घे. पडद्यावर तिचं लिहिलेलं दिसतंय.

दादा: असेल. गोळ्या घेतल्या, हेच लिहीत होती.

धाकटी: मोठं करून वाच. शेवटपर्यंत.

दादा: गोळ्या घेतल्या तुझा आवाज दोन महिने बसलाय घसा दाखव माझंही असंच सुरू झा... इथे तुटलंय.

धाकटी: बसलाय रे खरंच. मला रोज फोनवर वाटायचं, इथल्या सोल्डरिंगच्या धुराने असेल.

दादा: धुरानेच आहे. पंखा लावायचाय त्या खिडकीला. सर तिकडे, रबर लावू दे. एक जास्तीची केबल यात घालतो, त्या बत्तिसांसारखीच. बघू किती आपट सोसते... हां. लागलं. चालू.

धाकटी: हुबेहूब आईसारखं आपटतंय.

आई: माझ्याकडे बघ

दादा: बघतोय आई. मोजणीकडे लक्ष द्यायला हवं ना. पंधरा, सोळा.

आई: मोजायला यंत्र आहे

धाकटी: दादा, बस इथे. ती लिहितेय. वाकून बघू नकोस, ती वळवेल तेव्हाच वाच.

आई: दोन महिने झाले दर रविवारी लिहिते पहिलं वाक्य गोळ्यांचं कारण तू ते विचारतोस दुसरं तुझ्या घशाचं तू पहिल्यावरच उठतोस

दादा: म्हणून आपटायचीस?

आई: ओरडता आलं असतं तर ओरडले असते

धाकटी: आणि मला का नाही सांगितलंस गं?

आई: तू घाबरून सगळीकडे सांगत सुटली असतीस आणि हा आणखी लपला असता

धाकटी: हे मात्र बरोबर आहे.

दादा: दिवा गेला.

धाकटी: काय?

दादा: हिरवा दिवा विझला. एकशे बारा. हळू मिटलं तर एकसष्ट हजार आणि आपटलं तर एकशे बारा. मी चार दिवस ते मशीन बघत बसलो होतो, खुशीत. टेकू तीन मिलिमीटर आखूड करायला हवा, म्हणजे वाकण कडेवर न येता मोकळ्या भागात येईल. बत्तीसही केबलचे टेकू सोलून कापून परत चिकटवायचे. आज रात्रीपर्यंत ते, आणि उद्या सकाळपासून आखूड टेकूची केबल मशीनवर. नर्सबाईंना सांगू दोन दिवसांनी या. उद्या मला कुठेही हलता येणार नाही.

धाकटी: ते टेकू मीच चिकटवले होते, मीच सोलते. आकार आखून दे तेवढा. नर्सबाईंना फोनही मी करते. केबल दोन दिवस थांबतील, पण त्या उद्या इकडे यायच्याच आहेत शेजारच्या गल्लीत एका पेशंटकडे. तू त्यांच्याबरोबर दवाखान्यात जा.

दादा: कामाच्या मध्येच?

धाकटी: कामाच्या मध्येच. आपटायला मशीन आहे आणि बघायला मी आहे. तुझं इथे काही अडत नाही.

दादा: दोघी मिळून ठरवूनच आलात वाटतं.

धाकटी: मी आत्ता तुझ्याबरोबरच वाचलं, दादा.

आई: भांडू नका मी लिहितेय

दादा: लिही. मी बसलोय.

धाकटी: बराच वेळ लिहितेय.

दादा: लिहू दे तिला.

आई: मला पहिल्यांदा आवाज बसला तेव्हा मीही म्हणाले होते भोंग्याची धूळ आहे पाच महिने म्हणाले तुझं काही नसेलही धूरच असेल पण पाच महिने नको

दादा: हं.

आई: हं नको उत्तर दे

दादा: वाचलं होतं मी एकदा. मागच्या महिन्यात. तुझा आवाज, एवढंच लिहून झालं होतं तुझं, आणि मला कळलं पुढे काय येणार ते. म्हणून मध्येच बोललो. त्यानंतर दर वेळी. भीती वाटते गं आई. आरशासमोर तोंड उघडून बघतो आणि काही दिसायच्या आत दिवा बंद करतो.

धाकटी: दादा...

दादा: आता आपट हवं तर. नवी केबल आहे, एकशे बारापर्यंत काही होत नाही.

आई: नाही आपटत उद्या जाशील का ते सांग

दादा: जातो. पण तिथे गेलं की मला काही सुचणार नाही. त्या खिडकीवरची बाई नाव विचारेल, वय विचारेल, आईला काय झालं होतं विचारेल.

आई: माझ्या वेळी सगळे फॉर्म तू भरलेस मी नुसती बाकावर बसले होते

दादा: आठवतंय.

आई: उद्या मी भरते अक्षर वाकडं येईल तू नुसता बस