लाल पट्टीपर्यंत

...हसा, हसा! पन्नाशी उलटलेली बालवाडीची बाई खेळण्यातलं फावडं घेऊन रस्त्यावरचा बर्फ उपसतेय म्हटल्यावर हसाल नाही तर काय! पण तुम्हाला सांगते, मागच्या आठवड्यात आला असतात ना, तर याच्यापेक्षा जास्त हसला असतात. चौदा पोरं, पायाला स्की बांधलेल्या, आणि खाली काय? गवत, गवतावर पाणी, पाण्याखाली चिखल! का? तर तक्त्यावर लिहिलंय! ऑगस्टमध्ये कॉफी पीत बसून आम्हीच केला होता तो तक्ता... फेब्रुवारी, 'हिवाळा आणि बर्फ', गुरुवारी स्की. आता आमच्या फिनलंडात एकवेळ लग्न मोडेल, पण तक्ता मोडायचा नाही. मी आमच्या मुख्य बाईंना, इर्मेलीबाईंना म्हटलं, "अहो, पण बर्फ कुठाय?" तर खिडकीकडे न बघताच म्हणतात, "पडेल हो, पडेल!"

हे 'पडेल हो, पडेल' ऐकून ऐकून माझे कान किटले. नोव्हेंबरपासून तेच! दुकानातली म्हणते पडेल, पाद्री म्हणतो पडेल, टीव्हीवरचा तो हवामानवाला तर असा हसून म्हणतो की जणू त्याच्या खिशातच आहे. आणि पडतोय काय? पाऊस. बारीक, तिरका, हाडात शिरणारा. सकाळी काळोख, दुपारी जरा करडं, की परत काळोख. बर्फ असला की त्याचा तरी उजेड असतो हो घरात! यंदा तोही नाही.

आणि शिकवायचं काय, तर बर्फ. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून आणू? सोमवारी कापूस आणला. सांगा बरं, बर्फ कसा असतो? पांढरा! मऊ! "आणि गरम," एल्मेरी म्हणाला. गरम! फिनलंडातलं पोर बर्फाला गरम म्हणतंय, आणि त्याला रागवू तरी कशी, त्याच्या हातात कापूस मीच दिलाय! मंगळवारी परातीत दाढीचा फेस काढला, चार वाजेपर्यंत अख्ख्या बालवाडीला आजोबांचा वास. बुधवारी ससा. चित्र दाखवलं, म्हटलं, "आपला ससा हिवाळ्यात पांढरा का होतो? म्हणजे बर्फात तो..." इथे मुलांनी म्हणायचं असतं, 'दिसत नाही'. तर सगळी खिडकीकडे पळाली. "दिसतोय, बाई! दिसतोय!" बघते तर काळ्याभोर शेतात पांढराशुभ्र ससा, कान पाडून बसलेला, हलत नाही, डुलत नाही. त्याला बिचाऱ्याला वाटतंय आपण लपलोय! त्याच्याही तक्त्यात लिहिलेलं ना, फेब्रुवारीत पांढरं व्हायचं म्हणून... दुसऱ्या दिवशी तिथे नुसते पांढरे केस पडलेले. कोल्ह्याला मात्र यंदाचा हिवाळा मानवला. आता मुलांना काय सांगू? गावाला गेला म्हणून सांगितलं.

सगळ्यांना पटलं, एका हेल्काला नाही. "सामान न घेता?" म्हणाली. पाच वर्षांची आहे, तौनोची मुलगी. तौनो म्हणजे आपला रस्त्यावरचा बर्फ ढकलणारा, ट्रॅक्टरवाला. बर्फ पडला तर काम, नाही पडला तर बस हात चोळत... आणि गेले दोन हिवाळे तो हातच चोळतोय. तरी यंदाही त्याने रीतसर रस्त्याच्या कडेने काठ्या रोवल्या, बर्फाखाली रस्ता कुठला नि चर कुठला ते कळावं म्हणून. आमच्या फाटकापाशी एक आहे. त्या काठीवर त्याने बरोब्बर हेल्काच्या गुडघ्याएवढ्या उंचीवर लाल पट्टी चिकटवली. म्हणाला, "बर्फ इथपर्यंत आला की बाबा कुठ्ठे जात नाही." आणि नाही आला तर? तर नॉर्वे. पार वर, उत्तरेला. तिथे बर्फाला तोटा नाही, त्याला ट्रॅक्टरसकट बोलावलं होतं.

मग काय! ही पोर रोज सकाळी आली की आधी काठीपाशी. टोपी मागे सारून वाकून बघायची. पट्टी वर, चिखल खाली. मग आत येऊन कामाला लागायची. हो, कामालाच! बाकीच्यांनी कागदाची दोन बर्फफुलं कापली आणि धूम ठोकली, ही आपली जीभ बाहेर काढून कापत्येय, कापत्येय, टोपलीभर झाली तरी कापत्येय. "बाई, ही धरायची का?"

"कशात धरायची गं?"

"पट्टीत."

मी आपला तिला आणखी कागद दिला. शुक्रवारी तिने कापूस, कागद, उरलासुरला फेस, सगळं उचलून त्या काठीच्या बुडाशी नेऊन रचलं. भर पावसात. घटकाभरात लगदा! तेवढ्यात तौनो आला तिला न्यायला. धिप्पाड माणूस, वर्षातनं दोनदा बोलतो. काठीपाशी वाकला. मग हातमोजा काढला, काठीला चिकटलेलं एक भिजकं फूल सोडवलं आणि खिशात घातलं. दारातनं इर्मेलीबाई ओरडल्या, "पडेल हो तौनो, पडेल!" तो म्हणाला, "उद्या निघतोय." झालं. वर्षाचं बोलणं संपलं.

शनिवारी ट्रकवर ट्रॅक्टर चढला, तौनो गेला. आणि मंगळवारी... वरातीमागून घोडं! पडला! असा पडला, असा पडला की दोन दिवसांत फाटक गेलं, चर गेले, रस्ता गेला, नुसती काठ्यांची टोकं वर. इतका सुंदर हो, इतका पांढरा, की मला त्याच्या थोबाडीत द्यावीशी वाटली! आणि ढकलणार कोण? दात होते तेव्हा चणे नव्हते, आता चणे आले तर दात नॉर्वेला! नगरपालिकेला फोन केला, तर "पाठवतो हो, पाठवतो!" कुणाला पाठवतो? सशाला? आणि आत आमच्या बालवाडीत काय चाललंय माहितीये? पोरं खिडकीला नाकं लावून उभी, आणि मी पिवळ्या कापसाची कोंबडीची पिल्लं करतेय! का? तर बर्फ मागच्या आठवड्यात होता, या आठवड्यात मार्च लागला, तक्त्यावर वसंत ऋतू आहे!

आज सकाळी हेल्का आली. आईने घसरगाडीवरून ओढत आणली. उतरली ती थेट काठीपाशी. हातमोज्यांनी उकरत्येय, उकरत्येय, खांद्यापर्यंत हात आत, तेव्हा कुठे पट्टी लागली. अशी किंचाळली! "बाई, बुडाली! पट्टी बुडाली! आता बाबा येणार ना?" आई माझ्याकडे बघत्येय. इर्मेलीबाई छपराकडे बघतायत. आणि तुम्हाला सांगते, माझ्या तोंडातनं काय निघावं?

"येतील हो, येतील!"

मी! मी म्हणाले हे! आणि ती पोर काय साधी आहे? इकडे बघितलं, तिकडे बघितलं, म्हणाली, "पण बाई, ट्रॅक्टर तर बाबांकडे आहे. मग बाबांना यायला रस्ता कोण करणार?"

आता म्हणालात का, बाई, हातात हे खेळण्यातलं फावडं कशाला? सरका जरा बाजूला. नॉर्वेपर्यंत उपसायचंय मला.