डावीकडं वढणारी लॉरी

लढाईच्या दिवसांत मी शेवगावात पेट्रोलच्या रांगेत उभा होतो. पुढच्या लॉरीत मालक बाबाजान शेट डाव्या सीटवर बसलेले, आणि त्यांचा ड्रायव्हर शांतवन इंजिन फिरवून चालू करायचं हँडल हातात धरून खाली उभा.

“गाडी डावीकडं वढती, शेट. मी नेनार न्हाई.”

“गाडी नाही, तुझा हात डावीकडं जातो.”

“मगाशी सरळ सडकंला दोन्ही हात सोडून दावले की! डावा टायर बघा, फकस्त भाईरच्या कडंला झिजलाय. म्होरला आक्सल वाकलाय.”

“तुझ्या आधीच्या ड्रायव्हरनं कधी तक्रार केली नाही.”

“त्यो पाय मोडून दवाखान्यात पडलाय. त्यानं गाडी वढ्यात घातली, तवाच वाकलाय ह्यो.”

“माल आज नेवाशाला पोचलाच पाहिजे. चालवायची नसेल तर हँडल ठेव. दुसरा ड्रायव्हर बघतो.”

“हे घ्या हँडल. बघा दुसरा. पन त्याच्या डाव्या अंगाला तुमीच बसनार, आन् वाटंतल्या वढ्यावरच्या मोरीला डावीकडं कठडा न्हाई.”

रांग एक गाडी पुढं सरकली. लॉरी जागची हलली नाही.

“शांतवन, आक्सल सरळ करायला किती वेळ लागेल?”

“आधी खाली उतरा. तुमी वर बसल्यावर जॅक कसा लावू?”