रिकाम्या खोक्यातली थंडी

— नाही, स्विचला हात लावू नका अजून, बसा जरा. खोली रिकामी करायचीय हे कळलंय मला, विभागप्रमुखांनी दोनदा सांगितलंय, बहिरा नाही मी. पण हे गारठ्याचं यंत्र म्हणजे काय घरचा फ्रिज आहे, प्लग ओढला की झालं? आत काय चालतं ठाऊक आहे? नसणारच, माझ्या मुलीलाही नाही. अर्धवाहकाच्या, म्हणजे तुमच्या सेमीकंडक्टरच्या, पापुद्र्यावर प्रकाश पडला की एक इलेक्ट्रॉन उठून जातो — मागे राहतं भोक. भोक म्हणजे काहीच नाही, असं तुम्ही म्हणाल — आमची बायकोही म्हणायची — पण ती रिकामी जागासुद्धा हिंडते-फिरते, गेलेल्याला ओढून धरते. त्या जोडीला म्हणायचं एक्सायटॉन. आता गंमत बघा, दोघं फार जवळ आले की भोक बुजतं, जरासा उजेड पडतो आणि जोडी संपते. म्हणून आम्ही मध्ये पातळ भिंत घालतो — हा अलीकडे, ती पलीकडे. टिकतात मग. आणि गारठा पुरेसा झाला की अशा असंख्य जोड्या एका तालात, एकच जीव झाल्यासारख्या. त्या तालापायी उभा जन्म घालवला मी. दिसला का? एकदा दिसल्यासारखा वाटला. ही इथे होती तेव्हा, तुम्ही बसलाय त्याच स्टुलावर. म्हणाली, छान आहे, आता जेवून घ्या.

हल्ली ती मुलीकडे असते, परदेशात — नात झाली ना. जाताना म्हणाली, तुमचं यंत्र बंद झालं की या. फोनवर दर वेळी विचारायची, झालं का बंद? मी म्हणायचो, प्रयोग ऐन रंगात आलाय, आत्ता कसा येऊ? आता विचारत नाही. हवापाण्याचं बोलते, ठेवून देते.

काय? आतला नमुना, तो पापुद्रा, आधी काढून ठेवू म्हणता? अहो, नमुना नाहीच आत. तडा गेला, केव्हाच काढला. रिकामंच चालवतोय. हसू नका. ही यंत्राची ठकठक असली की खोलीत कुणीतरी आहे असं वाटतं — आणि तिला सांगताना खोटंही होत नाही, यंत्र चालू आहे म्हणजे आहे. का गेलो नाही? भीती वाटते हो. तिचं तिकडं छान बसलंय सगळं. मी दारात उभा राहिलो आणि ती म्हणाली, आता कशाला आलात — तर?

बरं. करा बंद. हिरवं नाही, ते लाल बटण.

...

किती शांत झालं. तिकडं आता सकाळ असेल. जाता जाता तो फोन तेवढा इकडे द्या — आणि दार लोटून घ्या.