बंद घरावर लक्ष

मावशी : गेलं काहीच नाही, हवालदार. मघापासून तेच तर सांगतेय. सगळं जागच्या जागी आहे. होतं त्यापेक्षा जास्तच आहे.

हवालदार : मग प्रश्न मिटला, मावशी. प्रवासानं दमला असाल. घरी जा, जरा पडा.

मावशी : मिटला कसा? लेकीकडे जाताना घराची चावी मी या चौकीत तुमच्या हातात दिली. तुम्ही ती माझ्यासमोर त्या खिळ्याला टांगलीत. बाहेर एवढी मोठी पाटी लावलीय, ‘बंद घरावर लक्ष’ म्हणून. आज सकाळी येऊन कुलूप काढलं आणि दार ढकललं, तर ते करकरलं नाही.

हवालदार : बरं मग?

मावशी : माझं दार करकरतं. लग्न होऊन आले तेव्हापासून करकरतं. तेल घाला, तेल घाला म्हणून मी नवऱ्याच्या मागे लागायचे, तो उद्या-उद्या करत शेवटी गेलाच. आता बिजागऱ्यांना तेल आहे.

हवालदार : म्हणजे कसंय, हवेनंही होतं तसं. कोरड्या हवेत लाकूड आकसतं.

मावशी : मोरीतला नळ गळायचा. तो पण हवेनं थांबला?

हवालदार : पाण्याला दाबच नाहीये सध्या. सगळीकडे तसंच आहे.

मावशी : बिस्किटांचा डबा मी धुऊन पालथा घालून गेले होते. तो भरलाय.

हवालदार : मऊ नाही ना पडली?

मावशी : काय म्हणालात?

हवालदार : म्हणजे, मऊ पडली असली तर जुनी. तपासात हे सगळं बघावं लागतं.

मावशी : बघा की मग. कुंड्या ओल्या आहेत. खुर्ची खिडकीशी सरकवलीय. उशीचा अभ्रा धुऊन, घडी करून ठेवलाय, तोही उलट्या बाजूनं. अशी घडी बाईमाणूस घालत नाही. मी चाळीस वर्षं लोकांचे कपडे शिवलेत, मला घडी कळते.

हवालदार : पण नुकसान काहीच नाही ना? मग कशाला डोक्याला ताप करून घेता?

मावशी : कशाला? रविवारी माझी लेक येतेय, घर बघायला गिऱ्हाईक घेऊन. तिचं एकच म्हणणं. आई, तू एकटी, कोणी घरात शिरलं तर काय करशील? मी तिला छातीठोक सांगितलं, आमच्याकडे चौकी आहे, हवालदार आहेत, माणसं सज्जन आहेत. शेवटी ती म्हणाली, ठीक आहे, रविवारी सगळं नीट दिसलं तर गिऱ्हाइकाला नको म्हणू, तू राहा. पण कोणी शिरल्याचं नुसतं कानावर जरी आलं, तरी घर विकायचं आणि कायमचं माझ्याकडे यायचं.

हवालदार : म्हणजे तुम्ही इथेच राहणार? मला वाटलं, विकल्यातच जमा आहे.

मावशी : राहायचंच आहे मला. पण त्या घरात कोण येऊन बसत होतं हे ठाऊक नसताना मी दिवा मालवून झोपणार कशी, ते सांगा. तक्रार लिहू नका. मला फक्त कळू दे.

हवालदार : कळेल, मावशी. कळेल हळूहळू.

मावशी : अजून एक. माझं भिंतीवरचं घड्याळ किल्लीचं आहे. मी गेले की आठवड्यात थांबायला हवं. ते चालू आहे आणि दहा मिनिटं पुढे आहे.

हवालदार : जुनी घड्याळं धावतात.

मावशी : या तुमच्या घड्याळात किती वाजले?

हवालदार : साडेअकरा.

मावशी : आणि माझ्या मनगटावर? वाचा की. वाचता येतं तुम्हाला.

हवालदार : अकरा वीस.

मावशी : चौकीचं घड्याळ पुढे का हो?

हवालदार : आधीच्या साहेबांनी करून ठेवलंय. मी वेळेवर यावं म्हणून.

मावशी : म्हणजे या घड्याळावर चालणारी माणसं गावात दोन. तुम्ही आणि नवे साहेब. नवे साहेब माझ्यामागे बदलून आले, त्यांना माझं घर कुठल्या गल्लीत आहे हेही ठाऊक नसेल. मग राहिला कोण?

हवालदार : मावशी, जरा हळू. साहेब आत आहेत.

(आतल्या खोलीचं दार उघडतं.)

साहेब : कोण, कुठे राहिला? नाही, बसा आजी, उठू नका. मी ऐकलं सगळं. म्हणजे, शेवटचं सोडून सगळं. या भिंती पातळ आहेत. घरात अज्ञात इसम शिरला, बरोबर?

मावशी : मावशी म्हणा. शिरला म्हणजे, तसं काही नाही.

साहेब : असं कसं? महिनाभरात या चौकीत माझ्यापुढे काय आलं माहितीय? एक हरवलेली शिडी. ती तक्रारदाराच्याच माळ्याला लागलेली निघाली. आणि एक मांजर, ते स्वतःहून परत आलं. हा पहिला खरा गुन्हा आहे. बिजागऱ्यांना तेल, बरोबर? आवाज होऊ नये म्हणून. माणूस सराईत आहे.

हवालदार : इतका नसेल, साहेब.

साहेब : खिडकीशी खुर्ची म्हणजे टेहळणी. बिस्किटं म्हणजे मुक्कामाची तयारी.

मावशी : आणि नळ?

साहेब : नळ गळत असला की बाहेरची चाहूल ऐकू येत नाही. अहो, फार पुढचा विचार केलेला आहे यात. हे एकट्याचं काम नाही. टोळी आहे.

मावशी : टोळीनं माझ्या कुंड्यांना पाणी घातलं?

साहेब : झाडं वाळली की घर बंद असल्याचं लोकांना कळतं. दुसऱ्या टोळीला कळू नये म्हणून घातलं. हवालदार, तुम्ही रोज या घरावर चक्कर मारत होतात ना?

हवालदार : रोज. एक दिवस चुकला नाही, साहेब.

साहेब : आत कधी कोणी दिसलं?

हवालदार : माझ्याशिवाय कोणीच नाही, साहेब.

साहेब : ऐकलंत? इतका अनुभवी माणूस रोज जातो आणि त्यालासुद्धा पत्ता लागू देत नाहीत. चावीच्या चिठ्ठीवर तुमच्या मुलीचा नंबर आहे. आधी त्यांना कळवतो.

मावशी : लेकीला कशाला?

साहेब : नियम आहे. चावी देणाऱ्याच्या जवळच्या नातेवाइकाला कळवायचं.

मावशी : थांबा, थांबा. आत्ता आठवलं मला. दाराला तेल मीच घालून गेले होते.

साहेब : तुम्ही? आत्ता तर म्हणालात...

मावशी : मीच. नळही मीच दुरुस्त करून घेतला होता. बिस्किटं पण मीच भरली असतील. या वयात कुठे लक्षात राहतंय सगळं.

साहेब : अच्छा. मावशी, बसा बरं. पाणी हवंय? असं बऱ्याचदा होतं का तुम्हाला? म्हणजे, स्वतः केलेलं विसरणं आणि मग कोणीतरी घरात आलं होतं असं वाटणं?

मावशी : अहो, तसं नाही.

साहेब : माझ्या आजीचं असंच सुरू झालं होतं. घाबरू नका. पण मग तर मुलीला कळवायलाच हवं. अशा अवस्थेत तुम्ही एकट्या राहणं बरं नाही. हे बघा, लागतोय फोन.

मावशी : म्हणजे चोर आला असला तरी घर विकायचं, आणि आला नसला तरी विकायचं. छान सोय केलीत हो माझी.

हवालदार : फोन ठेवा, साहेब.

साहेब : वाजतोय पलीकडे.

हवालदार : ठेवा म्हणतो मी. मावशींना काही झालेलं नाही. त्यांचं डोकं आपल्या दोघांपेक्षा ताळ्यावर आहे. मीच होतो.

साहेब : कुठे होतात?

हवालदार : घरात. खुर्चीवर. टोळीबिळी काही नाही, मी एकटा.

साहेब : तुम्ही? लोकांच्या घरात? वर्दीत?

हवालदार : टोपी काढून ठेवायचो. जेवणाच्या सुट्टीत जायचो, आणि ड्युटी सुटल्यावर थोडा वेळ. काय सांगू आता तुम्हाला. पहिल्या दिवशी खिडक्या बघायला म्हणून आत गेलो. सगळं ठीक होतं. निघणार, तर खुर्ची दिसली. म्हटलं, टेकावं. साहेब, आमच्या क्वार्टरला दोन खोल्या. आई, बायको, दोन पोरं, सून आणि तिचं तान्हं. मी आंघोळीला गेलो तरी बाहेरून कोणीतरी दार वाजवतं. लग्नाआधी घरात सख्खे-चुलत मिळून भावंडांची फौज, ट्रेनिंगला बराक, आणि इथे चौकीत हे टेबल, दार सताड उघडं. पन्नाशी उलटून गेली माझी. एका खोलीत एकटं बसल्यावर कसं वाटतं, हेच मला ठाऊक नव्हतं.

साहेब : म्हणून तुम्ही परक्याच्या घरात जाऊन बसलात.

हवालदार : नुसतं बसायची लाज वाटायला लागली. म्हणून मग नळ केला. मग बिजागऱ्या. घड्याळाला किल्ली दिली, कारण अगदीच शांत वाटलं तर झोप लागायची. बिस्किटं माझ्या पैशांची आहेत. मावशी, तुमच्या पलंगाला हात लावला नाही. उशी फक्त पाठीला घ्यायचो.

मावशी : तेल लागलं असेल डोक्याचं.

हवालदार : म्हणून तर अभ्रा धुतला.

साहेब : हवालदार, याचा अर्थ कळतोय का तुम्हाला? माझ्या हातून निलंबन होईल तुमचं. आणि परवाच मी वरती अहवाल पाठवलाय. आदर्श चौकीसाठी आपलं नाव आहे, तेही याच योजनेवरून. ‘बंद घरावर लक्ष’ ही माझी कल्पना म्हणून लिहिलंय त्यात.

मावशी : पाटी तर तुम्ही यायच्या आधीपासून आहे.

साहेब : पाटी होती, कल्पना माझी. हे बाहेर गेलं तर लोक आपापल्या चाव्या उचलून नेतील. वरचे साहेब माझी सालटी काढतील. काय लिहू मी आता यात?

मावशी : लिहायला झालंय काय? चोरी नाही, मोडतोड नाही. पोलिसांनी लक्ष ठेवलं. जरा जास्तच जवळून ठेवलं, एवढंच.

साहेब : हॅलो? अरे, आत्ता उचलला त्यांनी. हॅलो, बोला ताई, पोलिस चौकीतून बोलतोय. नाही, नाही, आई ठणठणीत आहेत. माझ्यासमोर बसल्यात आणि मला चार शब्द सुनावतायत. हो, घराबद्दलच बोलायचं होतं. घरात कोणी... म्हणजे कोणी शिरायचा प्रश्नच नव्हता, ताई. आमचा माणूस होता ना. नाही, बाहेर नाही, आत. आतच बसायचा रोज. जातीनं. अनुभवी कर्मचारी आहेत. योजनाच तशी आहे आमची. नळ? हो, गळका नळ दुरुस्त करणंही त्यात येतं. काय म्हणालात? एक मिनिट हं.

मावशी : काय म्हणतेय?

साहेब : विचारतायत, हे पुढेही चालू ठेवणार का. ठेवणार असलो तर गिऱ्हाइकाला नको म्हणून कळवते म्हणाल्या.

मावशी : माझी लेक असं म्हणाली?

साहेब : म्हणाल्या, आमच्याकडे बोलावूनसुद्धा पोलिस येत नाही, तुमच्याकडे आपणहून घरात येऊन बसतो. हॅलो, हो ताई. चालू राहील. अगदी लेखी देतो. हो, अहवालातही घालतो. ठेवू?

हवालदार : साहेब, मग माझं...

साहेब : तुम्ही गप्प बसा. एकदम गप्प. रोज दुपारी यांच्या घरी जायचं आणि तासभर बसायचं. ही शिक्षा आहे, समजलं? मी आत जातोय. मला ‘अंतर्गत देखरेख’ म्हणून एक परिच्छेद लिहायचाय. अर्धा तास कोणी आत येऊ नका.

हवालदार : गेले. मावशी, कुठल्या तोंडानं बोलू तुमच्याशी? घरात कोणी शिरत नाही, एवढ्यावरच तुमचं घर वाचणार होतं, तेच मी घालवत होतो. घड्याळाचं तुम्हाला आधीच कळलं होतं, तरी साहेबांसमोर मला वाचवायला गेलात.

मावशी : तुम्हाला कुठलं, मी घराला वाचवत होते. मग तुम्ही मध्ये बोललात. नोकरी घालवून बसला असतात, अहो.

हवालदार : तुम्हाला वेडं ठरवत होते ते. ऐकवेना मला.

मावशी : राग आलाय मला तुमचा, सांगून ठेवते. सकाळी त्या दारात मी हातात वहाण घेऊन उभी होते. पण एक सांगा. ती खुर्ची खिडकीशी का नेलीत? तिथून तर नुसती शेजारची भिंत दिसते.

हवालदार : म्हणूनच. माणूस दिसलं की हसावं लागतं, काय चाललंय विचारावं लागतं.

मावशी : लेकीकडे मी बाहेरच्या सोफ्यावर झोपत होते. सकाळी तो मिटायचा असायचा, म्हणून मला उठवायचे. वाईट कोणीच नव्हतं हो. जावई तर चहा हातात आणून द्यायचा. पण तो कप घेऊन कुठे बसू, हे मला रोज विचारावं लागायचं.

हवालदार : मी खुर्ची परत जागेवर ठेवून देतो.

मावशी : राहू दे खिडकीशी. दुपारी मी मागच्या खोलीत शिवत असते. मशीनचा आवाज येईल, तेवढा सोसा.

हवालदार : सोसेन. बोलावं लागेल का?

मावशी : शिवताना कोणी बोललेलं मला खपत नाही.

हवालदार : मग ही चावी घेऊन जा तुम्ही.

मावशी : असू दे खिळ्याला. फक्त येताना कडी वाजवत जा. दार आता करकरत नाही, आणि घरात माणूस आहे.