तीन नंबरच्या टाकीतलं ठिगळ

मुलगी: ...म्हणून तर डोकं चालेनासं झालंय, बाबा. प्रयोगशाळेत तीच भुकटी वीस वेळा वापरली, एकदाही दगा दिला नाही. कारखान्यात तिसऱ्याच बॅचला मान टाकली.

बाबा: प्रयोगशाळेतली लाडाची लेक ती. कारखान्यात नांदायला आली की सासुरवास व्हायचाच.

मुलगी: चेष्टा नका करू. उद्या दुपारपर्यंत अहवाल द्यायचाय. मला कारण सापडलं नाही तर मॅनेजर लिहून मोकळे होणार, की ही पद्धत आपल्याकडे चालणारी नाही. सोमवारपासून पुन्हा सॉल्व्हंटची पिंपं.

बाबा: म्हणजे पुन्हा तोच गोडसर वास.

मुलगी: ज्यानं तुमच्या हातापायांच्या नसा गेल्या, तोच. सहा वर्षं मी कशासाठी घालवली? सॉल्व्हंट नको, त्याची वाफ नको. नुसतं गरम पाणी आणि उत्प्रेरक म्हणून चिमूटभर पॅलेडियमची भुकटी. काम झालं की भुकटी गाळून घ्यायची, परत वापरायची. इतकं साधं होतं.

बाबा: मला कशाला पटवतेस? चपला पायात आहेत की रस्त्यात कुठे राहिल्या, ते मला खाली वाकून बघावं लागतं.

मुलगी: ऐका ना. मेलेली भुकटी मी तपासून घेतली. तिच्यावर गंधक बसलंय.

बाबा: गंधक?

मुलगी: पॅलेडियमला ते विषच. कणभर पुरतं. पण आमच्या कच्च्या मालात गंधक नाही. नळाचं पाणी तपासलं, त्यातही नाही. तेच पाणी रिअ‍ॅक्टरच्या तोंडाशी तपासलं, तर त्यात आहे. आणि मध्ये काय? फक्त तीन नंबरची टाकी. तिच्यात पाणी तापवून आम्ही पुढे सोडतो.

बाबा: तीन नंबरची तर ॲसिडची टाकी.

मुलगी: पूर्वी होती. आता पाण्याला घेतली. नकाशात बघितलं, आतून सगळं प्लॅस्टिकचं अस्तर. त्यातून गंधक येत नाही. रबरातून येतं. तुम्ही त्या शेडमध्ये हयात घालवलीत. तिच्यात कुठे रबर आहे का?

बाबा: टाकीच बदला म्हणावं.

मुलगी: कारण न सांगता? मॅनेजर ती उघडायलाही तयार नाहीत. उघडायची म्हणजे आठ दिवस काम बंद. आणि आत उतरायला कोणी राजी नाही. मामा त्याच टाकीत गेला ना.

बाबा: हं.

मुलगी: बाबा? काय झालं?

बाबा: आई कुठे आहे तुझी?

मुलगी: गच्चीवर. कपडे वाळत घालतेय.

बाबा: दार लोटून घे... तळाशी, पाणी बाहेर सुटतं त्या तोंडापाशी बघायला सांग. दीड हात लांब रबराचं ठिगळ आहे.

मुलगी: नकाशात तर नाही ते. कोणी लावलं?

बाबा: तुझ्या मामानं.

मुलगी: मामा तर पडलेला पाना काढायला उतरला होता. आपल्या मनानं, कुणाला न विचारता. चौकशीत तुम्हीच सांगितलंत. मामीला, आजीला, आम्हाला सगळ्यांना हेच सांगितलंत.

बाबा: पानाबिना काही नव्हता. अस्तर फाटलं होतं, ॲसिड ठिबकत होतं. वरून सारखे फोन, माल आजच निघाला पाहिजे. रीतसर दुरुस्ती म्हणजे चार दिवस. शिफ्टचा मुख्य मी. म्हटलं, टाकी रिकामी करून धुऊन घेऊ आणि ठिगळ मारू. तो अंगानं काटकुळा, त्या झाकणातून तोच एक आत जाऊ शकायचा. मी म्हटलं, उतर.

मुलगी: आणि हवा? आत हवा सोडायचा पंखा?

बाबा: पंखा पलीकडच्या शेडला होता. म्हटलं, दहा मिनिटांचं तर काम. रबर चिकटवायचं सोल्यूशन, सायकलच्या पंक्चरला लावतात ना, तसलंच, पण डबाभर. त्याची वाफ कोंडली आत. हाक मारली, ओ आली नाही. वर काढला तेव्हा सगळं संपलं होतं. ठिगळ मात्र पक्कं बसलं होतं. त्याच्या हाताचं काम तसंच असायचं.

मुलगी: आणि ते अजून आत आहे.

बाबा: ॲसिड थंड असायचं, आणि तेव्हा तुझी नाजूक भुकटी कुठे होती? बावीस वर्षं कुणाला पत्ता नाही. तू गरम पाणी सोडलंस.

मुलगी: मी हे लिहिलं तर विचारणारच, कळलं कुणाकडून. तुमचं नाव येईल.

आई: लिही.

मुलगी: आई! तू कधी आलीस?

आई: चिमटे कमी पडले म्हणून खाली आले.

बाबा: अगं, तू आधी बस. ऐकून घे माझं.

आई: बावीस वर्षं ऐकलं. माझा भाऊ उतावळा, कुणाचं ऐकायचा नाही, हे मी माझ्याच तोंडानं सगळ्यांना सांगत आले. माझी आई शेवटपर्यंत त्याच्या फोटोपुढे उभी राहून विचारायची, 'मेल्या, कुणी सांगितलं होतं तुला आत जायला?' तुम्ही तिथेच पानावर बसलेले असायचात. घास कसा उतरायचा हो घशाखाली?

बाबा: नोकरी गेली असती. ही तेव्हा सातवीत...

आई: हिला मध्ये आणू नका.

बाबा: नाही आणत. भ्यालो मी. तेवढंच खरं.

आई: आत जाताना काही म्हणाला का तो?

बाबा: हसला. म्हणाला, 'दाजी, ताईला सांगू नका हं, ओरडेल मला.'

मुलगी: आई, पाणी देऊ का?

आई: नको. तू कागद घे. आधी ठिगळाचं लिही, तुझ्या कामाचं. मग त्याचं लिही. 'सांगितलं म्हणून उतरला.' असंच लिही. खाली हे सही करतील.

बाबा: पेन धरवत नाही मला, तुला माहितेय.

आई: मग अंगठा उठवा.

(सहा आठवड्यांनी. तीच खोली. बाबा आणि मुलगी, दोघंच.)

मुलगी: टाकी कापून काढली. ठिगळ होतं, तुम्ही सांगितलं तिथेच.

बाबा: कसं होतं?

मुलगी: कडा अजून घट्ट. पात्यानं खरवडून काढावं लागलं.

बाबा: लागणारच.

मुलगी: नवी टाकी बसली. काल अकरावी बॅच निघाली, भुकटी अजून टिकून आहे. शिफ्टवरचे म्हणतात, वास नाही तर चुकल्याचुकल्यासारखं होतंय.

बाबा: आणि बाकीच्या दोन शेड?

मुलगी: तिथे सॉल्व्हंटच. तिथला माल वेगळा, माझी भुकटी त्याला चालत नाही. त्याला आणखी किती वर्षं लागतील, सांगता येत नाही.

बाबा: म्हणजे तिथल्यांची बोटं बधिर होणारच. माझ्या कागदाचं काय झालं?

मुलगी: फाइलला लावला. म्हणाले, प्रकरण जुनं, तेव्हाचे साहेब कोणी हयात नाहीत. मामाच्या नावापुढचं 'विनापरवाना' तेवढं काढून टाकलं.

बाबा: मला काही नाही? नोटीस, काही?

मुलगी: काही नाही.

बाबा: काहीतरी करायला हवं होतं त्यांनी.

मुलगी: दुरुस्त केलेला कागद मी मामीकडे नेऊन दिला. आईनं वाचून दाखवला तिला. मामीनं कागद दोनदा घडी घालून ठेवून दिला.

बाबा: तुझी आई मामीकडेच राहणार का आता?

मुलगी: सध्या तरी.

बाबा: मी एकदा येऊन जाऊ का, विचारशील? आत नाही येणार. दारातूनच मामीच्या पाया पडेन नि माघारी फिरेन.

मुलगी: सकाळीच विचारलं आईला फोनवर.

बाबा: मग?

मुलगी: म्हणाली, इतक्यात नको.

बाबा: 'इतक्यात' म्हणाली?

मुलगी: हो. आणि फोन ठेवला.